मोझेलमावशींची कीर्तनाची वही

विचार न करता उत्तर द्यायची मला खोड आहे. इथे परदेशात, तांजोंग पगारच्या ऑफिसात, तिला हुशारी म्हणतात. शेजारच्या मोझेलमावशींच्या बाबतीत मात्र तिने घात केला.

मावशी मूळच्या अलिबागजवळच्या, बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण माझ्या पुरणपोळीला नावं ठेवण्याइतक्या मराठी. त्यांचे यजमान सॉलोमनकाका इथलेच, बगदादी ज्यू घराण्यातले. चाळीस वर्षांच्या संसारात ते जेमतेम स्वयंपाकघरापुरतं मराठी शिकले. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

मार्चमध्ये मावशी पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगा नेथन पर्थहून आला आणि त्या हॉस्पिटलात असताना घर आवरायला लागला. एका सकाळी त्याने मला लिफ्टपाशी गाठलं. हातात कसरीने खाल्लेली एक वही होती. पानं सुटलेली, बोट लावलं की भुगा.

"आंटी, यात देवाचं नाव आहे का?"

मला नऊची मीटिंग होती. मी वही मधेच उघडली, दोन ओळी वाचल्या. "देवाशिवाय दुसरं काही नाहीच यात," म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

ज्यू लोक देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत. तो जीर्ण झाला की दफनभूमीत पुरतात, माणसाला पुरतात तसा. हे मला माहीत नव्हतं. नेथनला तेवढं नेमकं माहीत होतं, मराठी मात्र वाचता येत नव्हतं. सिनेगॉगमधल्यांना विचारून त्याने ती वही पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि वडिलांच्या कबरीशेजारी पुरली. पोराने सगळं अगदी मनापासून केलं होतं.

तीन आठवड्यांनी मावशी घरी आल्या. सुखरूप परतल्याबद्दल त्यांना मलिदा करायचा होता, गोड पोहे आणि फळं मांडून एलियाहू नबीची आठवण काढायची होती. "आणि बाबांचं कीर्तन म्हणायचंय," त्या म्हणाल्या. "नेथन, माझी वही दे."

मावशींच्या वडिलांनी रचलेलं एलियाहूचं मराठी कीर्तन, त्यांच्याच अक्षरात. दुसरी प्रत कुठेही नव्हती. नेथन पांढराफटक पडला. मी गप्प बसू शकले असते, पण नाही बसवलं. "मावशी, चूक माझी आहे," म्हणत सगळं सांगून टाकलं.

"पहिल्या पानावर 'चि. मोझेलसाठी' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ते नाही वाचलंस?"

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दिलेले डबे घासून परत यायचे, नेथनच्या हातून. असा अबोला मला सोसत नाही. मी रोज रडायचे आणि नवऱ्यावर खेकसायचे.

नवव्या दिवशी दार वाजलं. दारात मावशी. "सुनेत्रा, रविवारी आमच्याबरोबर दफनभूमीत चल. वही काढायचीय."

नेथनने परवानगी मिळवली होती. "थोडंसंच खणायचं, मम्मी. कॅन, लाह," म्हणजे जमेल गं, असं तो इथल्या बोलीत पुन्हा पुन्हा म्हणत होता. कबरीशेजारची माती अजून भुसभुशीत होती. मावशी व्हीलचेअरवर बसून बघत होत्या. त्याने खुरपं टेकवलं आणि मावशी म्हणाल्या, "थांब."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दर शुक्रवारी तुझे काका विचारायचे गं, मोझेल, त्या वहीत काय लिहिलंय ते सांग ना. मी म्हणायची, सांगेन सावकाश. चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही."

त्यांनी नेथनला खुरपं बाजूला ठेवायला लावलं. "राहू दे त्यांच्याजवळ," म्हणाल्या. मला पर्समधली डायरी काढायला सांगितली आणि गायला लागल्या. आवाज कापत होता, पण चाल पक्की होती. एक कडवं म्हणायचं, मग कबरीकडे बघून त्याचा अर्थ काकांना इंग्रजीत सांगायचा. मी भराभर लिहीत होते, डोळ्यांतलं पाणी अक्षरांवर पडत होतं. नेथन तर लहान पोरासारखा मातीतच बसला होता.

अकरा कडवी झाली. बारावं आठवेना. मावशींनी पहिले दोन शब्द तीनदा म्हणून पाहिले. मग पुढे वाकून काठीचं टोक हळूच मातीला लावलं.

"पुढचं तुमच्याकडे आहे," त्या काकांना मराठीत म्हणाल्या. "सांभाळा."