रिकाम्या बॅगेजवळ

विमानतळाच्या फाटकाशी लांब टेबल मांडलं होतं आणि भागोजीचं सगळं सामान त्यावर पसरलं होतं. दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश, चार्जर, कार्डांची डबी, पुसायचं फडकं, कॅमेऱ्याची तिपाई. मंत्र्यांचं विमान साडेदहाला उतरायचं होतं आणि स्वागत समितीने फोटो काढायला त्याला बोलावलं होतं. हातखंब्याच्या नाक्यावर त्याचा स्टुडिओ एकतीस वर्षं होता. गेले आठ महिने शटर खाली होतं. बायको गेली त्या दिवशी ओढलं ते ओढलंच. आजचं हे पहिलं काम.

"एक फोटो काढा," हवालदार म्हणाला.

"कुणाचा?"

"कुणाचा पण. खरा कॅमेरा आहे एवढं दिसू दे."

भागोजीने फाटकाचा फोटो काढून दाखवला. मग दुसऱ्या कॅमेऱ्याने तोच काढला. हवालदाराने लेन्समधून आरपार पाहिलं, फ्लॅशचे सेल काढायला लावले, परत घालायला लावले, तिपाईच्या पायांच्या नळ्यांत टॉर्च मारला. सगळं ठीक होतं.

मागे रांगेत अक्षया उभी होती. रत्नागिरीतल्या एका चॅनेलची बातमीदार. ती लहान असताना तिचे पासपोर्ट फोटो भागोजीनेच काढले होते.

"काका, लग्नात नवरीची इतकी तपासणी होत नाही ओ," ती म्हणाली. रांगेतली माणसं हसली. भागोजीही हसला. किती दिवसांनी हसलो, असं त्याच्या मनात आलं.

मग शिवा नावाचा पोलीस कुत्रीला घेऊन आला. तपकिरी, सडपातळ कुत्री. तिने कॅमेरे हुंगले, लेन्स हुंगल्या, तिपाई हुंगली आणि पुढे गेली. टेबलाखाली भागोजीची रिकामी बॅग ठेवली होती. तिथे ती थांबली. नाक आत घातलं, बाहेर काढलं. आणि खाली बसली.

"काका, सुकट ठेवलीत काय बॅगेत?" अक्षया म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही. शिवाच्या चेहऱ्याकडे सगळे बघत होते. त्याने कुत्रीला लांब नेलं, फिरवून दुसऱ्या बाजूने आणलं. ती सरळ बॅगेपाशी आली आणि पुन्हा बसली. भुंकली नाही, पंजा मारला नाही. नुसती बसून शिवाकडे बघत राहिली.

शिवाने शिट्टी वाजवली. रांग मागे सरकवली गेली.

पोलीस अधिकारी योगिनी मॅडम पुढे आल्या. आवाज चढवला नाही. त्यांनी भागोजीच्या दोन्ही हातांवरून कापडाची पट्टी फिरवली, ती एका यंत्रात घातली आणि विचारलं, "काका, ह्या बॅगेत आधी काय होतं?"

"कॅमेरेच. दुसरं काय असणार?"

"कुत्री दारूगोळ्याच्या वासाला बसते. नीट आठवून सांगा."

एका माणसाने बॅग अलगद उचलून लांब ठेवली आणि तिचं झाकण मागे टाकलं. भागोजीने तिथूनच आत पाहिलं. सकाळी घाईत त्याने पाहिलं नव्हतं. बॅगेतले मऊ पडदे काढून हवे तसे लावता येतात. लेन्ससाठी त्याचे मोठे कप्पे केलेले असायचे. आता तिथे लहान लहान चौकोन होते, मूठभर वस्तू बसेल एवढे. चार ओळी, ओळीत तीन. तळाला पांढरं काहीतरी लागलं होतं. पीठ. आणि त्यावर चरबीचा तेलकट डाग.

त्याला ती गाय आठवली. गणपती गेल्यावर वाडीतल्या गुणाजीच्या गायीचा जबडा फुटला होता. बांधावरचा कणकेचा गोळा तिने तोंडात धरला आणि चावला. रानडुकरांसाठी लावतात तसला गावठी बॉम्ब होता तो. दाताखाली आला की फुटतो, आपटला की फुटतो, म्हणून लावणारे तो अंड्यासारखा जपून नेतात. गाय तीन दिवस उभी होती. पाणी पिता येत नव्हतं तिला. रितेश तेव्हा म्हणाला होता, "बाहेरचे शिकारी येतात, आबा. आपल्या वाडीतलं कोण करणार असलं?"

रितेश त्याचा मुलगा. मुंबईची नोकरी सोडून आंब्याच्या कलमांची बाग बघायला आलेला.

काल संध्याकाळी भागोजी म्हणाला, उद्या कामावर जातोय, माझी बॅग काढ. रितेशचा हात ताटातच थांबला होता. "मी साफ करून देतो, आबा. बुरशी धरली असेल." भागोजीला बरं वाटलं होतं. पूर्वी बायको, गंगा, बॅग भरून द्यायची, आता मुलगा देतोय, एवढंच त्याला दिसलं.

म्हणजे रात्री बॅगेतून निघालं ते कुठेतरी गेलं. घरातल्या घरातच. अशा जागी, जिथे कोणी हात घालत नाही.

आणि मग त्याला ती जागा कळली. गंगेची ट्रंक. तिच्या साड्या आत होत्या आणि आठ महिने भागोजीने कोणाला त्या ट्रंकेला हात लावू दिला नव्हता. पण आज निघताना, अंगात शर्ट घालताना, काय वाटलं कोण जाणे, त्याने सुनेला सांगितलं होतं, "दीपाली, सासूच्या साड्या काढ आज. उन्हात घाल. तुला हव्या त्या ठेव."

साडेनऊ वाजले होते.

"मला फोन द्या," तो म्हणाला.

फोन हवालदाराच्या ट्रेमध्ये होता. "आत्ता नाही देता येणार," मॅडम म्हणाल्या. "कुणाला करायचाय, कशासाठी?"

नुसतं 'ट्रंक उघडू नको' म्हणता आलं असतं तर. पण हे लोक विचारणार, का. आणि का ते सांगितलं की मुलगा तुरुंगात गेला. दोन-तीन श्वास त्याने काढले. तेवढ्यात त्याला डोळ्यांपुढे नात सानवी दिसली, पाच वर्षांची, आजीच्या साड्यांत तोंड खुपसणारी.

"माझ्या घरात बॉम्ब आहेत," तो म्हणाला. "डुकरांचे. सून ट्रंक उघडतेय. मला फोन द्या ओ, बाय."

मॅडमनी स्वतः फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रिंग बराच वेळ वाजली.

"आबा? पोचलात?"

"ट्रंक उघडलीस?"

"कुठची! ओढत खळ्यात आणली नि बघते तर चावी खुंटीवर नाही. ह्यांनी कुठे टाकली काय माहीत. आता दगड आणलाय कुलपावर घालायला."

भागोजी फोनकडे वाकला. आवाज शांत ठेवला. "दगड खाली ठेव. हळू ठेव. सानवी कुठे आहे?"

"ही काय, ट्रंकेवर बसल्येय. उतर म्हटलं तर उतरत नाही."

"तिला उडी मारू देऊ नको. तू उचल. उचललीस की मागे न बघता शाळेपर्यंत चालत जा."

"झालं काय पण?"

"मी सांगतो म्हणून जा गो."

पोरीचं रडं ऐकू आलं, चपलांचा आवाज, दीपालीचा धापा टाकणारा श्वास. फाटकाशी उभी असलेली माणसं त्या फोनकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "आलो, आबा. शाळेपाशी आहोत." भागोजी जमिनीवर बसला.

वाडीकडे जाताना गाडीत मॅडमनी विचारलं, "कोणाचे आहेत?"

"माझे."

"काका, यंत्रात तुमचे हात स्वच्छ निघालेत."

हातखंब्याच्या अलीकडे मंत्र्यांचं विमान डोक्यावरून खाली गेलं. गाडीतल्या कोणी वर पाहिलं नाही.

बॉम्बशोधक पथकाने ट्रंक उघडायला दोन तास घेतले. नऊ गोळे निघाले, गंगेच्या साड्यांच्या घड्यांत एकेक करून ठेवलेले. मॅडमनी बॅगेतले कप्पे मोजले होते. बारा.

"तीन लावलेत," त्या म्हणाल्या. "कुठे, ते लावणाऱ्यालाच ठाऊक. आम्ही बाग तुडवत शोधणार नाही. माझ्या माणसाचा पाय जाईल. चार वाजता गुरं परत येतात ना इथून?"

वरच्या कातळमाळावर, सड्यावर, गुराख्याला फोन लागत नव्हता आणि वर जायची वाट बागेतूनच होती. भागोजीने रितेशला फोन लावला. पहिला उचलला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याला आवाज आला, मागे गाड्यांची वर्दळ होती.

"आबा, मला कळलंय. दीपाली बोलली. मी मुंबईच्या गाडीत बसतोय."

"तीन कुठे आहेत?"

"बांधाला."

"कुठच्या?"

"तसं फोनवर कळायचं नाही. वर पाला घातलाय."

"मग तू ये."

पलीकडे कंडक्टर ओरडत होता. "पोलीस बाजूला आहेत ना?" रितेशने विचारलं.

खोटं बोललं असतं तरी चाललं असतं. मॅडम त्याच्याकडेच बघत होत्या. "आहेत," भागोजी म्हणाला. "माझ्या बाजूलाच आहेत. तुला नेतील. तरी ये."

फोन कट झाला.

साडेतीन वाजता मोटरसायकल आली. रितेश उतरला, बापाकडे न बघता पथकाच्या पुढे चालू लागला. वाडीची सगळी माणसं रस्त्यावर अडवून धरली होती. गुणाजीही होता त्यांच्यात. तो थुंकला.

पहिला गोळा कुंपणाच्या कडेला सापडला. दुसरा फणसाच्या मुळाशी. पथकाने ते लांब नेऊन ठेवले. मग रितेश वरच्या बांधावर गेला, वाकला, हाताने पाला बाजूला केला. आणि तसाच वाकून राहिला.

"काय रे?" भागोजीने रस्त्यावरून विचारलं.

"इथेच होता, आबा. शपथ." रितेशचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "काहीतरी उचलून घेऊन गेलंय."

कोणी जागचं हललं नाही. प्रत्येक जण आपल्या पायाखाली बघत होता. कोल्ह्याने नेला असेल, कुत्र्याने नेला असेल, वाटेत कुठेही टाकला असेल. वरच्या सड्यावरून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या. गुराखी त्यांना रोजच्या वाटेने खाली आणत होता.

भागोजी चालायला लागला. मॅडमनी दंड धरला तो त्याने सोडवला. गुरांच्या दिशेने, पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक दगड बघत, दोन्ही हात वर करून तो ओरडत चढत होता, "थांबवा! पुढे आणू नका! थांबवा गुरं!"