नीटनेटकी गळती

तिसरीचा वर्ग चार वर्षं गळत होता आणि चारही वर्षं शाळेला 'उत्तम' असा शेरा मिळत होता. यात कुणाची लबाडी नव्हती. सगळा दोष मोठ्या बाईंच्या टापटिपीचा.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. घरी धाकट्या जावेने रुमालाची घडी चुकवली, तरी यांचं जेवणात लक्ष लागत नसे. तपासणीची तारीख कळली की त्या कंबर कसत. ओल्या भिंतीवर नकाशे, डागांवर तक्ते, बादल्या माळ्यावर आणि तिसरीची मुलं चौथीच्या वर्गात. साहेब येत, खूश होत, 'उत्तम' लिहून जात. छपराचे पैसे दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेला मिळत. "आपली कुणाला किंमतच नाही," असं पुटपुटत बाई पुन्हा बादल्या मांडत.

यंदा मात्र गळतीला कंटाळून तिसरीतली दोन मुलं दुसऱ्या शाळेत गेली. आणखी तीन गेली असती, तर पट कमी झाला म्हणून तिसरीच्या शिक्षिकेची जागाच रद्द झाली असती. शेवटी शिपाईमामांनी तोंड उघडलं.

"बाई, राग मानू नका. पण आजारी माणूस डॉक्टरकडे पावडर लावून जातो का?"

बाईंना राग आलाच, पण पटलंही. या वेळी कशालाही हात लावायचा नाही, असं ठरलं.

तपासणीच्या दिवशी पाऊस इमानाने हजर होता. साहेब तिसरीच्या दारातच थबकले. सात बादल्या, घासून लख्ख. मोठ्या धारेखाली मोठी, छोट्या धारेखाली छोटी. टपटप ऐकू येऊ नये म्हणून प्रत्येकीत धुतलेलं फडकं. मामांनी कपाळाला हात लावला.

"हात लावणार नव्हतात ना?" ते हळूच म्हणाले.

"अहो, कळकट बादली कशी दाखवायची पाहुण्यांना?"

साहेबांनी पेन काढलं. "इतकी शिस्तीतली गळती मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. 'उत्तम' लिहू ना?"

बाई घाईने पुढे झाल्या. "नको," त्या म्हणाल्या. "वाईट लिहा."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. मग खुर्ची ओढून बसले. "मग तुम्हीच सांगा, मी लिहितो. खाली सही तुमची लागेल. असा कागद गेला, तर यंदा छपराला नवे पत्रे येतील."

बाई सांगू लागल्या. छप्पर सात ठिकाणी गळते. भिंतींना ओल आहे. वर्ग बसण्यालायक नाही. या शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला. याच वर्गात त्यांनी बावीस वर्षं शिकवलं होतं, आणि आपल्याच लेकराची चहाडी करावी तसं त्यांना वाटत होतं. त्यांनी सही केली.

साहेब कागदाची घडी घालू लागले.

"थांबा जरा."

बाईंनी कागद परत घेतला आणि समासात, वळणदार अक्षरात, एक ओळ लिहिली. 'फळा मात्र रोज पुसलेला असतो.'

साहेबांनी ती वाचली. फळ्याकडे पाहिलं. असल्या मजकुराला त्या कागदावर रकाना नव्हता, पण त्यांनी ओळ खोडली नाही.