टेकडीवरचं दुसरं चर्च

लिंबाच्या सालीचा पिवळा तुकडा पाण्यावर पडला, एकदा उलटला आणि होडीच्या कडेने सावकाश मागे निघाला... टोकाशी बसलेली थेक्ला सवयीने "सोडली!" म्हणाली, मागे सुकाणूवर बसलेला तिचा नवरा झानिस सवयीने मोजू लागला, आणि चारवर थांबला.

"चारात गेली! पळतेय बघ आपली आन्नेझा."

तुकडा अजून डोलकाठीपाशीच होता.

त्याचं लक्ष नसेल. ऊन डोळ्यांवर आलं असेल — पण ऊन तर शिडाच्या पलीकडे होतं, झानिस सावलीत बसला होता, टोपी मागे सारून, चेहरा समुद्राकडे करून. चौतीस वर्षं तो असाच बसत आला होता. ही होडी त्याने ग्रीसमधल्या सीरोस बेटावरच्या गोदीत स्वतःच्या हातांनी बांधली, तिला आन्नेझा हे आपल्या आईचं नाव दिलं, आणि दर उन्हाळ्यात सालीचा तुकडा टोकापासून शेपटापर्यंत किती आकड्यांत जातो यावरून तिचा वेग सांगितला. त्याचा आकडा कधी चुकला नव्हता.

"थेक्ला, काय दिसतंय?"

हाही त्यांचा जुनाच खेळ. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत तिला होडी लागली होती, पोटात काही ठरेना, तेव्हा त्याने तिला टोकाशी बसवून म्हटलं होतं, लांब बघ आणि जे दिसेल ते मला सांग, सांगत राहा, थांबू नकोस... आणि ती सांगत राहिली होती. शेळ्या, पवनचक्की, वाळत घातलेली लाल चादर — नाक्सोस बेट येईपर्यंत मळमळ थांबली होती, आणि या माणसाबरोबर आपण कुठेही जाऊ असं तिला वाटलं होतं. पुढे तो खेळ मागे पडला. या सफरीच्या तीन दिवसांत मात्र तो सारखा विचारत होता. तिला बरं वाटलं होतं. म्हातारपणी नवरा लाडात आलाय, असंच ती समजली... किती खुळी मी!

काल नाक्सोसच्या धक्क्यावर त्याच्या जुन्या मित्राने हात केला, आणि हा ढिम्म. परवा कॉफी कपाच्या बाहेर. थंडीत अथेन्सला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहेर आला तेव्हा हसून म्हणाला, "पोरगेला डॉक्टर आहे, चष्मा बदला म्हणतो," आणि घरी येईपर्यंत फुटबॉलवर बोलत राहिला. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

आता समोर स्खिनूसा बेटाची टेकडी वर येत होती, तिच्यावर एकच पांढरं चर्च. आपण हे का करतोय ते तिलाही कळलं नाही. ती म्हणाली,

"टेकडीवर दोन चर्च दिसताहेत."

पाणी फळ्यांना चाटत होतं.

"हो की," झानिस म्हणाला. "दुसऱ्याला यंदा चुना दिलेला दिसतोय."

मागे वळून बघायचा धीर थेक्लाला होईना. आता बोलायला हवं — पण बोललं की तो सुकाणू सोडणार, मुलगी म्हणतेय तसा गच्चीतल्या खुर्चीत बसणार, तोंड समुद्राकडे करून, आणि मग त्याचं काय उरणार? आणि नाही बोललं तर समोर खाडीच्या तोंडाशी तो खडक, पाण्याखाली हातभर, वर नुसता फेस... आजवर तो इथून शीळ घालत गेला होता. तिला त्याचा राग आला, भयंकर राग. तीन दिवस हा माणूस माझ्या आवाजावर होडी हाकतोय, आणि मला सांगतसुद्धा नाही!

फेस दिसू लागला. सरळ टोकासमोर.

"झानिस, उजवीकडे घे."

होडी उजवीकडे वळली. लगेच. चौतीस वर्षांत तिने दिशा सांगावी आणि त्याने "तू बटाटे सोल, होडी मी बघतो" म्हणू नये, असं एकदाही झालं नव्हतं. आज त्याने नुसतं सुकाणू फिरवलं. खडक डाव्या बाजूने, हिरवट, जवळून गेला, आणि तिला रडू आलं. राग कुठल्या कुठे गेला होता.

"अगं," खडक मागे पडल्यावर त्याचा आवाज आला, नेहमीचाच, थोडा मिश्कील. "त्या दुसऱ्या चर्चचं दार कुठल्या रंगाचं आहे?"

याला कळलंय. की नाही कळलं? तिने डोळे पुसले.

"दार नाहीये. चर्चच नाहीये, म्हाताऱ्या. एकच आहे."

"वाटलंच मला. एवढ्याशा बेटाला दोन कशाला लागतात? तुझं मात्र छान होतं हं."

तिच्या पोटात ढवळून आलं — तीच मळमळ, पहिल्या सफरीची, इतक्या वर्षांनी. पुढे बघायला हवं होतं, कुणीतरी बघायलाच हवं होतं. तिने लांबवर नजर लावली. दोन शेळ्या, जाळं झटकणारा एक माणूस, निळी खुर्ची... हे सगळं आता नुसतं बघून चालणार नाही, ते तिथे पोचवावं लागेल, मागे, त्याच्यापर्यंत, आणि एकही खोटं न मिसळता.

"सोड आणखी एक तुकडा," तो म्हणाला. "वारा पडलाय."

तिने साल तोडली, पाण्यात टाकली. "सोडली."

दोघं मिळून मोजू लागले. एक, दोन, तीन, चार... चारवर त्याचा आवाज बारीक झाला, पाचला तो थांबला. तो तिच्या आवाजाची वाट बघत होता. थेक्ला मोजत राहिली. सहा. सात. पिवळा तुकडा त्याच्या कोपरापाशी, हात लांबवला तर लागेल इतका जवळ तरंगत होता, आणि तो अजून जाऊ नये असं तिला फार वाटत होतं.

आठ...