मोंब्रेलचा शिक्का

माझ्या एव्हारिस्तमामाचे चार दात मोंब्रेल गावात पडले आहेत. चारही वेगवेगळ्या वर्षी. मोंब्रेलची वस्ती सत्त्याऐंशी माणसांची, म्हणजे दर बावीस माणसांमागे मामाचा एक दात येतो. फ्रान्समधल्या दुसऱ्या कुठल्याही गावाला हे प्रमाण गाठता आलेलं नाही, असं मामा म्हणतो. म्हणताना थोडी शिट्टी वाजते.

भांडण एका शिक्क्याचं आहे. सायकलवर गावोगाव फिरणाऱ्यांची एक वही असते. शंभर जुनी गावं, शंभर चौकोन. गावात स्वतः सायकलवर जायचं, तिथल्याच माणसाच्या हातून गावाच्या नावाचा शिक्का चौकोनात मारून घ्यायचा, तारीख घालायची. बेकरीचा चालतो, खाटकाचा चालतो. फोटो चालत नाही. मामाची वही चौतीस वर्षं चालू आहे आणि तिच्यात नव्याण्णव शिक्के आहेत. एकसष्ट नंबरचा चौकोन रिकामा आहे. तो मोंब्रेलचा.

मोंब्रेलमधलं पोस्ट बंद झालं, बेकरी बंद झाली, पाद्री एकोणीस गावांत मिळून एक आहे. शिक्के उरले दोन. एक गिस्लँच्या कॅफेचा, दुसरा सरपंचाचा. सरपंचही गिस्लँच आहे, कारण निवडणुकीला दुसरं कुणी उभंच राहत नाही. एका वर्षी मामा शिडी लावून कचेरीच्या खिडकीतून आत शिरला. तेव्हापासून गिस्लँ दोन्ही शिक्के गळ्यात दोरीला बांधून फिरतो. झोपतानाही काढत नाही म्हणे.

हे दोघं एकेकाळी एका क्लबात होते, एका तंबूत झोपायचे. मग क्लबानं मामाला शांत रस्त्यांवरून जाणारा एक लांबचा मार्ग आखायला सांगितलं, सोबत पुस्तिकाही लिहायला सांगितली. मामानं कालव्याकाठचं प्रत्येक झाड लिहिलं, प्रत्येक चर्चचा दरवाजा लिहिला, शेजारच्या व्हेर्नो गावातल्या बदकांवर अर्धं पान लिहिलं. मोंब्रेलबद्दल लिहिलं, "इथे एक गाव आहे. पुढे जावे."

लोक पुढे गेले. तीस वर्षं पुढेच जात आहेत.

या वर्षी मामाचा खुबा बदलायचा ठरला. शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, यानंतर सायकल विसरा. म्हणून रविवारी सकाळी मामा निघाला, आणि आईनं मला त्याच्या मागे पाठवलं.

"सोलेन, त्याला जिवंत आण," आई म्हणाली. "नाहीच जमलं तर सायकल तरी आण. चांगली आहे."

साठ किलोमीटर. कालवा, पॉपलर झाडांच्या रांगा, गाई, पुन्हा कालवा. वाटेत मामानं हवा भरायच्या लोखंडी पंपानं हात मोकळा करून घेतला. चालत्या सायकलवरून तीन मैलाचे दगड आणि कुणाची तरी एक टपालपेटी.

"मामा, आज आधी नीट विचारून बघ ना."

"नीटच विचारणार आहे. पंप नंतर."

सव्वाबाराला आम्ही चौकात पोचलो. गिस्लँ कॅफेसमोरच्या टेबलावर जेवत बसला होता. गळ्यात रुमाल, रुमालावर दोन शिक्के, पुढ्यात मोहरीच्या रश्शातला ससा. दुसऱ्या टेबलावर दोन म्हातारे होते. आम्हाला बघून त्यांनी आपापले ग्लास उचलून मांडीवर घेतले. गिस्लँची बायको मारिनेत बाहेर आली, मामाकडे बघितलं, आणि चांगल्या बश्या आत नेऊन ठेवल्या.

"आलास," गिस्लँ म्हणाला.

"आलो. शुक्रवारी खुबा कापतायत. यापुढे येणं नाही."

"वाईट वाटलं. जेवतोस?"

"शिक्का दे."

गिस्लँनं तोंड पुसलं. त्याच्या मागे भिंतीवर काचेच्या चौकटीत पुस्तिकेतलं ते पान लटकत होतं. त्यानं वळून न बघता त्यावर बोट ठेवलं. सवयीचं होतं.

"देतो. एकच वाक्य म्हण. मोंब्रेल थांबण्यासारखं गाव आहे."

मला वाटलं, संपलं. एक वाक्य. मी असते तर चार वेळा म्हटलं असतं, वर चाल लावली असती. मामानं मात्र चौकात सगळीकडे नजर फिरवली. चर्च होतं, त्याला छप्पर होतं. गुरांना पाणी पाजायचा हौद होता, त्यात पाणी नव्हतं. बसचा थांबा होता, तिथे बस थांबत नाही. मामानं खरंच प्रयत्न केला. मला त्याच्या मानेची शीर दिसत होती.

"नाही म्हणवत रे," तो शेवटी म्हणाला.

गिस्लँनं सशाची बशी त्याच्या तोंडावर मारली.

बशी साध्यातली होती, मारिनेतनं मुद्दाम ठेवलेली. तिचे तीन तुकडे झाले, आणि मामाच्या तोंडाचे किती ते लगेच कळलं नाही. मामानं डोळ्यातली मोहरी पुसली आणि पंप काढला. पहिला फटका गिस्लँच्या कानावर, दुसरा दंडावर, तिसरा एका म्हाताऱ्याच्या टोपीवर. तो म्हातारा म्हणाला, "एव्हारिस्त, जरा बघून." मामा म्हणाला, "माफ करा." एवढ्यात गिस्लँनं त्याची मान काखेत धरली आणि त्याचं डोकं टेबलावर आपटायला सुरुवात केली. सावकाश. भिंतीत खिळा ठोकावा तसं, मधेमधे बघत.

मी गिस्लँच्या पाठीवर खुर्ची मारली. खुर्ची वेताची होती, तिचा आवाज फक्त झाला.

"पोरी, तू यात पडू नकोस," गिस्लँ म्हणाला. "हे आमचं जुनं आहे."

मामानं त्याच्या दंडाला चावा घेतला. गिस्लँनं मान सोडली, दारामागची पिशवी ओढली आणि खेळायचा लोखंडी गोळा काढला. तो सात पावलांवरून फेकला. या गोळ्यांच्या खेळात मोंब्रेलचा संघ जिल्ह्यात दुसरा आहे. गोळा मामाच्या बरगडीत बसला. ओली काटकी मोडते तसा आवाज आला आणि मामा पाठीवर पडला, तोंडातून रक्त, मिशीवर मोहरी.

"मारिनेतबाई, ॲम्ब्युलन्सला फोन करा," मी म्हटलं.

"तुम्ही सायकली टेकवल्यात तेव्हाच केला. पाऊण तास लागेल म्हणाले."

मामा आभाळाकडे बघत हसला. "गिस्लँ, मी आता मरतो."

"मर की."

"इथेच मरतो. तुझ्या हद्दीत. माणूस ज्या गावात मरतो तिथल्या सरपंचाला दाखला करावा लागतो. दाखल्यावर शिक्का लागतो. सोलेन तो कापून वहीत चिकटवेल."

गिस्लँच्या कानातून रक्त येत होतं, ते त्यानं मघापासून मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र त्याचा चेहरा उतरला. सरपंच म्हणून त्याच्या हातून कुणाचाच दाखला अडलेला नाही, हे गावात कुणीही सांगेल. तो आत गेला आणि चारा वाहायची ढकलगाडी घेऊन आला.

मोंब्रेलची हद्द चौकापासून दीडशे पावलांवर संपते. तिथे गावाच्या नावाची पाटी आहे, नावावर लाल तिरकी रेघ, म्हणजे गाव संपलं. गिस्लँनं मामाला गाडीत घातलं, धावत नेलं आणि पाटीपलीकडे बिटाच्या शेतात ओतलं. मी वही आणि सायकल घेऊन मागे. आईनं सांगितलं होतं.

"आता मर," गिस्लँ धापा टाकत म्हणाला. "इथे व्हेर्नो लागतं. बदकांना सांग दाखला करायला."

मामा पालथा झाला आणि कोपरांवर सरपटत पाटीच्या अलीकडे आला. गिस्लँनं पाय धरून परत ओढला. मामा परत आला. तिसऱ्या वेळी गिस्लँनं त्याच्या पाठीत लाथ घातली, दोन, तीन, आणि पुन्हा पाय धरायला वाकला. मामाच्या हातात पंप होताच. पंप गिस्लँच्या गुडघ्यावर आडवा बसला. गिस्लँ फिरला, त्याचं कपाळ पाटीच्या खांबावर आदळलं, पाटी बराच वेळ वाजत राहिली, आणि गिस्लँ बिटांत पडला तो उठलाच नाही.

मी वाकून नाडी बघितली. होती. माझ्यापेक्षा चांगली होती. दोन्ही शिक्के त्याच्या छातीवर पडले होते.

"चल मामा, मार पटकन," मी म्हटलं.

मामा खांबाला धरून उठला. एक हात बरगडीवर. "इथे?"

"मग कुठे?"

"सोलेन, हे व्हेर्नो आहे."

"पाटी तीन पावलांवर आहे."

"मग आपण तीन पावलं चुकीच्या गावात आहोत. आणि मी नाही मारायचा. गावच्या माणसाच्या हातून पाहिजे."

हा माणूस एका शिक्क्यासाठी डोंगरातल्या एका बंद बेकरीपुढे दोन दिवस पावसात बसला होता. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही गिस्लँला ढकलगाडीत घातलं. शहाण्णव किलो असावा. मोडक्या बरगडीचा मामा एका दांड्याला, मी दुसऱ्या. पाटी ओलांडल्यावर मामानं मागे वळून रेघ बघितली, आणि खात्रीसाठी आणखी दहा पावलं घ्यायला लावली.

मी वही एकसष्टवर उघडून गिस्लँच्या पोटावर ठेवली. मामानं त्याच्या बोटांत सरपंचाचा शिक्का धरवला, त्याची मूठ आपल्या मुठीत घेतली. शिक्का कोरडा होता. शाईची डबी कॅफेत. मामानं नियम मनातल्या मनात वाचले, ओठ हलत होते.

"रंग लिहिलेला नाही," तो म्हणाला. त्यानं शिक्का गिस्लँच्या कानाखाली टेकवला, तिथे भरपूर होतं, आणि त्याच्याच हातानं वहीवर दाबला.

गिस्लँनं डोळे उघडले.

गिस्लँनं आपल्या हाताकडे बघितलं, मग वहीकडे. मग वही उचलून डोळ्यांशी नेली. चौतीस वर्षं त्याच्या दोन अंगठ्यांमध्ये होती, आणि त्याचे अंगठे कसे आहेत ते मी मघाशी बघितलं होतं. मामानं पंपही उचलला नाही. नुसता गाडीची कड धरून उभा राहिला.

"वाकडा आलाय," गिस्लँ म्हणाला.

"बेशुद्ध होतास."

"म्हणून काय वाकडा? हे लोकांना दाखवशील ना तू? बाकीचे नव्याण्णव सरळ आणि मोंब्रेलचा वाकडा?" त्यानं पानं चाळली. "व्हेर्नोचा बघ कसा आलाय."

त्यानं शिक्का पुन्हा कानाखाली ओला केला, वही गुडघ्यावर सपाट धरली, जीभ दातांत धरली, आणि पहिल्याच्या शेजारी एक मारला. सुतात. माझ्याकडून पेन मागून तारीख घातली. मग वही दिली नाही, नुसती पुढे धरली.

"आता तरी सांग. थांबण्यासारखं आहे की नाही."

मामानं खरंच विचार केला.

"शंभरांत कुठेच इतका वेळ थांबलो नव्हतो," तो म्हणाला.

हे होय झालं की नाही, याचा गिस्लँ विचार करत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या की जखम उघडत होती. त्याचं अजून ठरत होतं तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. तिच्यात शेजारीशेजारी दोन खाटा होत्या. दार लावताना आतून "ती पुस्तिका" असे शब्द आले आणि मागोमाग काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज.

मी मामाची सायकल घेऊन चौकात परतले. मारिनेतनं माझ्यापुढे बशी ठेवली, चांगल्यातली.

"उरलेला ससा आहे. खाऊन घे."

ससा खरंच चांगला होता. तिसऱ्या घासाला काहीतरी कडक लागलं. मी ते रुमालात काढून तिच्याकडे दिलं. तिनं ते उजेडात धरलं, एप्रनला पुसलं, आणि खिशातून चघळायच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी काढली. आत कापसावर आधीचे चार ठेवलेले होते.