जागच्या जागी

"मला पाणी हवं आहे," टॅबलेटमधली बाई म्हणाली.

बायकोने पेला भरून आणला. नवऱ्याने तो डाव्या हाताने असा काही सारला की अर्धं पाणी टेबलावर आणि अर्धं तिच्या अंगावर.

"अहो, आत्ता पाणीच मागितलंत ना?"

"तेच," तो म्हणाला.

"मग प्या की."

"तेच, तेच, तेच." त्याने काचेवर पुन्हा बोट टेकवलं. "मला झोप येते आहे," बाई गोड आवाजात बोलली.

आत्ताच तर दुपारची झोप काढून उठला होता. टेबल पुसता पुसता ती म्हणाली, "तुम्ही दोघं आधी काय ते ठरवा आणि मग मला सांगा." एरवी असल्या बोलण्यावर तो मिशीतल्या मिशीत हसायचा. आता त्याने मान भिंतीकडे वळवली.

मेंदूला झटका आला त्यात त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आपण काय म्हणतो ते त्याला बरंचसं कळायचं, पण तोंडातून निघायचा एकच शब्द. भूक लागली तरी तेच, राग आला तरी तेच. वाचणंही पुसून गेलं होतं. ज्याने आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्याच्यापुढे त्याचंच नाव लिहून धरलं तरी तो कागदावरच्या डागाकडे बघावं तसं बघायचा. इस्पितळातल्या थेरपीवाल्या बाईंनी हा टॅबलेट वापरून बघायला दिला होता. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलायचा. निदान तो तरी बोलायचा.

तिची शिवणकारखान्यातली रजा संपत आली होती. त्यावर मुलाचा हिशेब सरळ होता. दिवसभर एकटं राहायचं तर शेजारच्या काकूंना बाबांनी तीन गोष्टी तरी नीट सांगितल्या पाहिजेत. थेरपीवाल्या बाई तपासायला येतील तेव्हा जमलं तर घरी, नाही जमलं तर आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत.

संध्याकाळी मुलगा आला तो बूट काढायच्या आधीच शिकवायला बसला. बाप बहिरा झाल्यासारखा ओरडून बोलत होता.

"बाबा! चहा कुठाय? चहा दाखवा!"

बोट गेलं वरच्या डाव्या कोपऱ्यात. "मला झोप येते आहे."

"चहा, बाबा. कप. हा बघा. आता फॅन दाखवा."

बोट खालच्या ओळीत गेलं. "मला दुखतं आहे."

मुलाने कपाळावर हात मारला. "आई, यांना काही कळत नाहीये. उगाच आपण आपली समजूत घालतोय."

बापाने डावी मूठ टेबलावर आपटली. "तेच! तेच!"

"कळत नाही असं त्यांच्यासमोर बोलू नकोस," ती म्हणाली.

"मग तूच सांग कसं करायचं. तिथे माणसं असतात चोवीस तास. वाईट नाहीये ती जागा."

"तू राहून आलायस का तिथे?"

तो चहा न घेताच गेला. ती बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली. काल वरच्या डाव्या कोपऱ्यात चहा होता, हे तिला पक्कं आठवत होतं. आज तिथे झोप. जे चित्र जास्त वापरलं जाईल ते पुढे आणून ठेवायची त्या यंत्राला हुशारी होती. आणि नवरा तर बिचारा कालच्याच जागी बोट ठेवत होता.

तिचं डोकंच फिरलं. लग्नाआधी ती त्याच छापखान्यात कागद दुमडायला होती. डोळे समोरच्या मजकुरावर आणि हात खिळ्यांच्या पेटीच्या खणांत, असा तो तासन् तास उभा असायचा. कोणत्या खणात कोणतं अक्षर, हे त्याला डोळ्यांनी बघावं लागत नसे. एकदा कोणीतरी गंमत म्हणून दोन खणांतले खिळे आपसांत बदलले. अख्खी जाहिरात चुकली, आणि गंमत करणाऱ्याशी तो पुढे किती तरी दिवस बोलला नाही.

तिने बाईंना फोन लावला आणि खिळ्यांचं, खणांचं सगळं सांगितलं.

"चित्रं हलणार नाहीत असं करता येतं," बाई म्हणाल्या. "पण मला हे आधी का नाही सांगितलंत? इस्पितळाच्या कागदावर नुसतं 'खासगी नोकरी' लिहिलंय."

"मुलाने लिहिलं."

"मीही विचारायला हवं होतं."

बाईंनी सांगितलं तसं तिने चित्रं जागेवर पक्की केली. तरी गाडी पुढे सरकेना. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बोटाला कुठे कड लागत नव्हती, काठ लागत नव्हता. शेवटी तिने कारखान्यातून बटणं ठेवायचा एक जुना लाकडी ट्रे मागून आणला. एका खणात बाटलीचं झाकण ठेवलं, ते पाण्यासाठी. साबणाचा तुकडा संडास-बाथरूमसाठी, चमचा जेवणासाठी, गोळ्यांची रिकामी पट्टी दुखण्यासाठी. खालचा मोठा खण तसाच राहिला. त्यात काय घालावं ते तिला सुचलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, ती भाजी चिरत असताना, त्याने न बघता साबण उचलून टेबलावर टाकला. तिने त्याला धरून नेलं. बरोबर होतं. ती बाथरूमच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली आणि डोळे पुसून घेतले.

पण दिवसातून दहा वेळा बोट त्या रिकाम्या खणात जायचं.

"तिथे काय हवंय? चष्मा?" तिने चष्मा ठेवला. त्याने काढून टाकला. कंगवा ठेवला, तो भिरकावला. मुलाचा फोटो ठेवला, तो पालथा केला. "रेडिओ लावू? खिडकी उघडू? उशी देऊ? पाय चेपू? अहो, काय हवंय तरी काय?"

"तेच!"

"तुमच्या तेचने माझा जीव जायची वेळ आलीये."

शनिवारी बाई आल्या. मुलगा हाताची घडी घालून दाराशी उभा राहिला. टॅबलेट बाईंनी पिशवीत ठेवून दिला, ट्रे उलटसुलट करून बघितला, आणि गप्पा मारत मारत वाट बघितली. थोड्या वेळाने नवऱ्याने झाकण उचललं. पाणी दिलं, ते तो प्यायला. पुढे चमचा. जेवण दिलं, जेवला.

"अजून एक, काका," बाई म्हणाल्या. "आता काय हवंय?"

बोट रिकाम्या खणात गेलं.

"घ्या," मुलगा म्हणाला. "तिथे काहीच नाहीये. बाबा, नीट बघा! दुखतंय का? संडासला जायचंय? फॅन लावू? झोपायचंय?"

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. "तेच, तेच…"

तिनेही विचारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिला त्याचा हात दिसला. तो दाखवत नव्हता. चिमटीत काहीतरी उचलावं तशी त्याची बोटं त्या खणात हलत होती.

छापखान्यात हाताच्या सगळ्यात जवळच्या मोठ्या खणात अक्षर नसायचं. दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा राहावी म्हणून घालायचे कोरे तुकडे असायचे. अक्षर कमी पडलं तर तो शेजाऱ्याकडे मागायचा, पण हे तुकडे कोणी पळवले तर भांडायला उठायचा. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत आपण या माणसाला काय हवं, काय हवं असं मध्ये जराही जागा न सोडता विचारत आलोय, आणि सगळ्यांत जास्त आपणच.

"गप्प बस जरा," ती मुलाला म्हणाली.

"आई, पण तिसरं…"

"बस म्हटलं ना खाली."

तो बसला. तीही बसली. बाईंनी हातातलं पेन मांडीवर ठेवलं. बाहेर कोणीतरी बादली भरत होतं, तेवढाच आवाज. नवऱ्याची बोटं हळूहळू सैल झाली. त्याने पाठ मागे टेकली आणि खिडकीकडे बघत बसून राहिला. त्याला कोणी काही विचारलं नाही.

"तिसरं सांगितलं त्यांनी," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली.

मुलाने संस्थेचं नाव काढलं नाही. "काकूंकडे किल्ली देऊन ठेवू," असं पुटपुटत तो उठला, आणि बाबांना सोपं पडावं म्हणून त्याने ट्रे त्यांच्या डाव्या हाताकडे थोडा सरकवला.

बापाने तो एका हाताने धरून परत होता तिथे ओढून घेतला.