नवरीनं घर उचललं

माझ्या आईचं लग्न सकाळी लागलं आणि दुपारी नवरी अंगात डांगरी चढवून सिमेंटच्या अंगणात गुडघ्यांवर बसली होती.

आई बासष्ट वर्षांची. बस डेपोच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या वर्षी तिची दाढ दुखू लागली, डॉक्टरांनी ती काढली आणि त्यानंतर आईला दर आठवड्याला कुठला ना कुठला दात दाखवायची गरज भासू लागली. मला संशय यायला तसा उशीरच झाला. डॉक्टर विधुर, चौसष्टचे, गोल चेहऱ्याचे. नोंदणी कार्यालयात सही करून झाल्यावर ते म्हणाले, "आजवर लोकांचे दात काढले, आज माझेच दात काढून चाललोय." आणि खरंच, दिवसभर त्यांचं तोंड काही मिटलं नाही.

दोघांनी मिळून एक जुनी मोटरहोम घेतली होती. आत पलंग, शेगडी आणि कपाटाएवढी न्हाणी. लग्न झालं की चहा पिऊन थेट प्रवासाला निघायचं, असा बेत. त्याला विरोध एकटीचाच होता: डॉक्टरांची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणत. त्यांची आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. "लग्न करतोस, कर बाबा," ती महिनाभर सांगत होती, "पण घराला चाकं कसली? घराला पाया लागतो." लग्नात नाही तरी प्रवासात पाचर मारायचीच, असा तिचा निश्चय दिसत होता.

कार्यालयातून सगळे माझ्या घरी आलो. सगळ्यांत शेवटी नवरा-नवरीची मोटरहोम गल्लीत शिरली, ती खडखडाट करत. सायलेन्सर धरून ठेवणारी पट्टी तुटली होती आणि पाइप रस्त्यावर घासत येत होता.

"वाजंत्री सांगितली नव्हती," डॉक्टर खाली उतरत म्हणाले, "तीही आली."

आई वाकून बघू लागली. तिचा चेहरा असा उजळला, की डॉक्टरांनी अंगठी दिली तेव्हाही इतका उजळला नव्हता. "पट्टी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "मागची बाजू उचलावी लागेल. तोवर सायलेन्सर गार होऊ दे."

पुढचं अंगण उताराचं होतं, म्हणून तिनं गाडी घराच्या मागे सपाट सिमेंटवर घ्यायला लावली. नव्या कपड्यांवरून निळी डांगरी चढवली. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी पाचरी ठोकल्या.

"पाचर मारणारी ताई कुठंय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. मी चहाचा कप त्यांच्या हातात कोंबला. ताई कुठं दिसत नव्हती, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"आत कुणी नाही ना?" आईनं विचारलं. "बघा बरं. गाडी वर असताना आत कुणी चालता कामा नये."

डॉक्टरांनी टाचा उंचावून खिडकीतून डोकावलं. "कुणी नाही. पलंगावर पांघरुणांचा ढीग आहे फक्त."

आईनं जॅकखाली जाड फळी सरकवली. जॅकचं डोकं पत्र्याला नाही, खालच्या मजबूत चासीला टेकवलं. मग दांडा हलवू लागली. घर तसूतसूनं वर चढू लागलं आणि पाहुणे चहा विसरून गोळा झाले. डॉक्टर तर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

"झालं का? जाऊ मी खाली?" ते बाह्या सरसावत म्हणाले.

"खबरदार," आई म्हणाली. "जॅकचं काम उचलायचं, धरायचं नाही. धरते ती घोडी." गॅरेजात घोडी म्हणतात ते जाड पायांचे लोखंडी स्टँड तिनं डेपोतून मागून आणले होते. एक एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, दोन्ही चासीखाली. मग जॅक हळूच सैल करून घराचा भार घोड्यांवर बसवला.

"आता?"

"आता हलवून बघायचं. हलायचं असेल तर कुणी खाली जायच्या आधी हलू दे."

आईनं मागच्या कोपऱ्याला खांदा लावून एक दणका दिला. गाडी ढिम्म हलली नाही. पण आतून आवाज आला.

"कोण आहे रे मेलं? झोपू द्याल की नाही?"

 खिडकीची काच सरकली आणि पांघरुणांच्या ढिगातून ताईचा चेहरा वर आला. एका गालावर उशीची घडी उमटलेली.

आईनं हात वर केला. "ताई, आहात तिथेच बसा. अजिबात उठू नका. आम्ही तुम्हाला खाली आणतो."

"खाली म्हणजे? मी वर कधी गेले?" ताईनं खिडकीतून वाकून जमिनीकडे बघितलं. "अगं बाई. घर उचललं की काय?"

मला हसू आवरेना. डॉक्टर तर भिंतीला टेकून, पोट धरून खाली बसले. आई मात्र हसली नाही. तिनं जॅक पुन्हा चढवला, एकेक घोडी काढली आणि घर सावकाश चाकांवर आणून ठेवलं. मग स्वतः दार उघडून ताईला हात दिला. ताई पायरीवर टेकली आणि तेव्हा कुठं दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटल्या, ते डोळे पुसेपर्यंत.

"आत काय करत होतात?" आईनं विचारलं.

"पलंग बघत होते. म्हटलं, याची पाठ दुखेल." ताई जरा थांबली. "तर मलाच झोप लागली. अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती गं."

डॉक्टर भिंतीपासून उठले. ते बहिणीशेजारी पायरीवर जाऊन बसले. तिनं त्यांचे केस नीट केले, त्यांनीही डोकं पुढे केलं.

दुसऱ्यांदा गाडी उचलताना राखण ताईकडे होती. छत्री आडवी धरून ती उभी राहिली. कुणी गाडीला टेकायला आलं की छत्री पुढे. "आधी मला विचारा," असं तिनं आमच्या शेजाऱ्यांना बजावलं, आणि प्रत्यक्ष नवरदेवाला तीन हात लांब उभं केलं. आईनं दोन्ही कोपऱ्यांना पुन्हा दणके दिले, आत ताई नाही याची ताईकडूनच खात्री करून घेतली आणि मगच पाठीवर सरकत खाली गेली. पट्टी बसवली, नट आवळले, नाकाला काळं लावून बाहेर आली. डॉक्टरांनी ते काळं पुसायला रुमाल काढला आणि पुसायच्या नादात सगळ्या गालभर फासलं. फोटोत आईचा तोच चेहरा आहे. लग्नाचा तेवढाच एक चांगला फोटो निघाला.

गाडी खाली आली, पाचरी निघाल्या, इंजिन सुरू झालं. खडखड गेली होती.

"पहिल्या मुक्कामापर्यंत येता का?" आईनं ताईला विचारलं. "परत यायला तिथून बस आहे."

डॉक्टरांनी तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

ताई हातपिशवी आणायला अशी पळाली, की चप्पल दारातच राहिली. ती मी गाडीच्या खिडकीतून आत टाकली. गल्लीच्या वळणापर्यंत तिघांच्या हसण्याचा आवाज येत होता. गाडीचा काही येत नव्हता.