अर्ध्या देवदूताची खोली

"खोली राहिलीच नाही की गं," बाबा दारातच थबकले.

खरंच राहिली नव्हती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावाच्या पुढे, शेतांच्या मधोमध उभं असलेलं हॅझलकोम हाउस एके काळी हॉस्पिटल होतं. नाचाच्या दालनात लाकडी भिंती घालून तिथे ज्युनियर डॉक्टरांसाठी खोल्या पाडल्या होत्या. त्यातल्या एकीत एकाहत्तर साली डॉक्टर शशिधर, म्हणजे कस्तुरीचे बाबा, आणि त्यांची नवी नवरी सुहासिनी यांनी संसार मांडला. मधली भिंत छतावरच्या प्लास्टरच्या देवदूताच्या थेट पोटातून गेली होती. "आमच्या वाट्याला पाय आले," आई सांगायची. "तोंड पलीकडे, त्या यॉर्कशरच्या डॉक्टरकडे. मेल्यानं कधी चहाला बोलावलं नाही, म्हणून बघायचं राहिलं."

आई गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या हातचं काहीतरी जिथे होतं तिथेच बघावं, एवढ्यासाठी कस्तुरीने बाबांना लंडनच्या ईलिंगहून गाडीत घालून इथे आणलं होतं. आणि इथे नुसती मोकळी फरशी.

घराची दुरुस्ती करणाऱ्या आर्किटेक्ट हिलरीबाई पाहुण्यांना माहिती देत होत्या. मूळ घर विटांचं. दोनशे वर्षांनी एका हौशी मालकाने त्याला पुढून दगडी तोंडवळा चढवला आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून डावीकडे खोट्या खिडक्या रंगवून घेतल्या. त्याच्या नातवाने बिलियर्ड्ससाठी मागे एक सोपा जोडला. मग हॉस्पिटल आलं.

"हॉस्पिटलचं आम्ही सगळं काढतोय," त्या म्हणाल्या. "बेसिनं, लिनोलियम, भिंती. हे मात्र ठेवणार."

शेकोटीशेजारच्या कोनाड्याकडे त्यांनी बोट दाखवलं. वरच्या बाजूला काजळी होती. मागच्या भिंतीवर लालसर ठिपक्यांची ओळ. तीन-चारशे वर्षांपूर्वी कॅथलिकांना उघड प्रार्थनेची बंदी होती तेव्हा इथे कुणीतरी जीव मुठीत धरून मेणबत्ती लावत असावं, असा त्यांचा अंदाज होता. "एक कोडं मात्र सुटत नाही. कोनाड्याच्या तळाच्या प्लास्टरमध्ये कापडाचे धागे सापडलेत. त्या काळी प्लास्टरमध्ये केस घालत, कापड नव्हे."

बाबांना ठसका लागला.

"बाबा?"

"बँडेज आहे ते," ते मराठीत पुटपुटले. "तळ तिरका होता. तुझ्या आईचा बाळकृष्ण सारखा घसरायचा. मग मी वॉर्डातून प्लास्टर आणून मोडलेला पाय बसवतात तसा तळ बसवला."

कस्तुरी पुढे झाली. ठिपके नव्हते ते. कुंकवाची बोटं होती, अनामिकेने खालून वर ओढलेली, शेवटी निमुळती झालेली. हळद उडून गेली होती. आई घरीही तशीच ओढायची, भिंतीला आणि लेकीच्या कपाळाला.

"सांगायला हवं," ती म्हणाली.

"गप्प बस, कस्तू. हॉस्पिटलच्या वेळचं म्हटलं की लिंपून टाकतील. कॅथलिक तर कॅथलिक. राहू दे की!"

"आणि आई?"

"आईला काय, ती कुठेही अ‍ॅडजस्ट करायची."

राहू द्यावं, असं कस्तुरीलाही क्षणभर वाटलं. हिलरीबाई पुढच्या दालनाकडे वळल्या. वळता वळता म्हणाल्या, "कोण होतं बिचारं, कधीच कळणार नाही."

"माझी आई होती," कस्तुरी म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा लागला. "आणि बिचारी नव्हती. क्वार्टर्सवर देखरेख करणाऱ्या सिस्टरने आगीच्या भीतीने निरांजनाला मनाई केली होती, म्हणून ती दार बंद करून लावायची. बस."

मग बाबांनी बँडेजचं सांगितलं, तळव्याने प्लास्टर कसं सारखं केलं तेही करून दाखवलं. ते थांबल्यावर आपणच आपल्या हाताने कोनाडा बुजवला, असं कस्तुरीला वाटलं.

हिलरीबाई मटकन खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. "अहो, त्या धाग्यांनी माझी झोप उडवली होती! या घराण्यात कुणी कॅथलिक सापडत नव्हता. पुढच्या आठवड्यात मी हे पाहुण्यांसमोर भाषणात ठोकून देणार होते."

"पण मग... हे काढणार?" कस्तुरीने विचारलं.

"भिंती काढल्या, कारण त्या अडचण करत होत्या. हा कुणाच्या वाटेत येतोय? इथे राहिलेल्या प्रत्येकाने घर आपल्या सोयीचं करून घेतलंय, खोट्या खिडक्यासुद्धा रंगवल्यात. हे तर खरं आहे. राहील ते. नाव सांगा त्यांचं, सावकाश."

बाबा एकेक अक्षर सांगू लागले. दोनदा चुकले, कारण बायकोला ते कधी नावाने हाक मारतच नसत.

डोळे पुसायला कस्तुरीने मान वर केली आणि तशीच राहिली. भिंत गेल्यामुळे छतावरचा देवदूत अखंड झाला होता.

"बाबा, वर बघा."

त्यांनी चष्मा सारखा केला. गुबगुबीत गाल, चपटं नाक, नुकतंच कुणीतरी रागावल्यासारखा चेहरा.

"अगंबाई," बाबा अगदी आईच्या सुरात म्हणाले, "पायच बरे होते की!"

आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच ते मोठ्याने हसले.